पेज कडू लागते

पिंपरी, १४ जून २०२४

आम्रपाली,

जयभीम. पाकिटावर माझं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. पाकीट आणायला गेलो तर पोस्टातली बाई म्हणते, "काका, हल्ली पत्र कोण लिहितं?" म्हटलं, "ज्याचा फोन कोणी उचलत नाही तो लिहितो."

तुझ्या आईची खबर द्यायला लिहितोय, माफी मागायला नाही. हे आधीच सांगून ठेवतो. "ह्या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस" असं मी रागात म्हणालो, मान्य. पण तू काही कमी नव्हतीस. केमो दोन दिवसांवर आलेली, आईचा जीव टांगणीला लागलेला, आणि तू मारुतरावांनी दिलेली पुडी बेसिनमध्ये ओतून वर नळ सोडलास. तेसुद्धा शेजारच्या सावित्रीबाईंच्या देखत. मारुतराव माझ्यासोबत वीस वर्षं एका लाइनवर उभा राहिलेला माणूस. त्याच्या सख्ख्या भावाचा कॅन्सर ह्याच झाडपाल्यानं बरा झाला. रानातनं मुळ्या आणून, वाळवून, स्वतःच्या हातानं कुटून त्यानं ती दिली होती. आणि तू मला म्हणालीस, "पप्पा, तुम्ही अडाणी आहात." चौतीस वर्षं चाकणला क्वालिटीत काढली मी. माझ्या सहीशिवाय एक पार्ट गेटबाहेर जात नव्हता. अडाणी म्हणे!

आईनंच तुला नाशिकला जा म्हटलं, त्याचं खापर माझ्यावर फोडू नकोस. तिचे शब्द तुझ्याही लक्षात असतील. "तुम्ही दोघं भांडता ते मला केमोपेक्षा जास्त लागतं."

पुडी बंद आहे. आईच्या डोक्यावर हात ठेवून तुझ्यासमोर सांगितलं होतं, तसंच आहे. तो विषय संपला.

आता खबर. सोमवारी दुसरी केमो झाली. चार घ्यायच्या, गाठ लहान झाली की ऑपरेशन, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलंय. केस सगळे गेले. आरशावर तिनं स्वतःच टॉवेल टाकलाय, मी काढला नाही. उलट्या तीन दिवस होतात, मग जरा बरं. तोंडाला चव नाही. काहीही द्या, कडू लागतं म्हणते. केमोनं तसं होतंच, दवाखान्यात सगळ्याच बायका सांगतात.

स्वयंपाक मी करतो. हसू नकोस. नाचणीची पेज, मुगाची खिचडी, दुधीची भाजी. सावित्रीबाई दारातनं ओरडतात, "कोंडीरामभाऊ, फोडणी देताय का आग लावताय?" तुझ्या आईला, कस्तुराला, मी आता गॅसपाशी फिरकूच देत नाही. सगळं माझ्या हातानं करतो आणि माझ्या हातानं भरवतो.

तुझे पप्पा

पिंपरी, ५ जुलै २०२४

आम्रपाली,

तुझं कार्ड मिळालं. दीड ओळ. "पुडी बंद आहे ना? हो की नाही एवढंच कळवा." ना जयभीम, ना पप्पा. बापाला पत्र लिहितेस की मेमो देतेस?

हो. बंद आहे. मिळालं उत्तर?

तिसरी केमो सोमवारी झाली आणि ह्या वेळी उलट्या एकच दिवस. कारण सांगतो. दवाखान्यात खालच्या मजल्यावर एक खोली आहे. तिथं वर्षाली नावाची एक पोरगी बसते, तुझ्याच वयाची असेल. औषधांच्या सोबतीनं करायचे उपचार शिकवते. श्वासाकडे लक्ष देऊन बसायचं, हलका व्यायाम, हातापायाला तेल लावायचं. सुरुवातीलाच तिनं सगळ्यांना ठणकावून सांगितलं, "ह्यानं कॅन्सर बरा होत नाही. बरा करायला वर डॉक्टर आहेत. ह्यानं तुम्हाला झोप लागेल, मळमळ आणि भीती जरा कमी होईल, तेवढंच." मला बरं वाटलं. कमीत कमी थापा तरी मारत नाही.

आईला श्वासाचं काही नवीन नाही. विहारात आनापान करत होतीच. डोळे मिटून बसली की पाच मिनिटांत खांदे खाली येतात तिचे. तेल लावायचं काम माझ्याकडे. पहिल्या दिवशी वर्षालीनं माझा हातच धरला. "काका, नट आवळताय का? मांजरीला कुरवाळतात तेवढंच." सगळ्या बायका हसल्या. तुझी आईसुद्धा हसली, किती दिवसांनी! आता रोज दुपारी जेवण झालं की अर्धा तास तिचे पाय माझ्या मांडीवर असतात. तळवे भेगाळलेत, तिथं हळू. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण तिच्या डाव्या घोट्यावर जुना डाग आहे हे मला परवा कळलं. विचारलं तर म्हणाली, "पंचवीस वर्षं झाली त्याला. स्टोव्ह भडकला होता. तुम्ही सेकंड शिफ्टला होतात."

ती पाय चेपता चेपता झोपते. वजन फारसं उतरलं नाही. डॉक्टर मॅडमनी हात लावून बघितलं, गाठ नरम पडलीय म्हणाल्या. म्हणजे काहीतरी लागू पडतंय. कशानं ते ज्याला कळायचं त्याला कळेल.

पप्पा

पिंपरी, २४ जुलै २०२४

आम्रपाली,

चौथी केमो झाली नाही. आई फोनवर तुला "पुढे ढकलली, काही नाही" एवढंच म्हणाली असेल. लिव्हरचे आकडे वाढलेत. जेवढे हवेत त्याच्या चौपट. मॅडम म्हणाल्या, असं असताना केमो देता येत नाही, दोन आठवडे थांबू.

माझं डोकंच फिरलं. लॅबवाल्यानं नळ्या बदलल्या असतील म्हणून मी काउंटरवर भांडलो. त्यांनी पुन्हा रक्त घेतलं. आकडे तेच.

मग वर्षालीनं आम्हाला बसवून घेतलं आणि एक फॉर्म काढला. घरी आणखी काय काय घेता? काढा, चूर्ण, रस, गोळ्या, कुणी दिलेलं काहीही. म्हणाली, "काका, मी रागावणार नाही. चूक-बरोबर काही म्हणणार नाही. फक्त आम्हाला माहीत असायला हवं." आई लगेच म्हणाली, "काही नाही गं. हे पेज देतात, खिचडी देतात, बस." आणि माझ्याकडे बघून हसली. मी फॉर्मवर 'नाही' लिहिलं आणि सही केली.

तुला कंपनीतल्या ऑडिटच्या गोष्टी सांगायचो, आठवतं? बाहेरचा माणूस तपासायला यायचा त्याच्या आधी दोन दिवस आमची सगळ्यांची शाळा भरायची. विचारलं तेवढंच बोलायचं. हो किंवा नाही. कपाट आपण होऊन उघडायचं नाही. लाइनीखाली काय सरकवून ठेवलंय ते त्याच्या बापालासुद्धा दिसता कामा नये. एकदा का त्यानं लाल शेरा मारला की सगळी लाइन बंद. मी त्यात एक नंबर होतो. माझ्या लाइनीला कधी लाल शेरा बसला नाही.

हे तुला का सांगतोय कोण जाणे. पंधरा दिवसांत आकडे खाली येतील. आई घाबरलेली नाही. तूही घाबरू नकोस.

पप्पा

पिंपरी, १२ ऑगस्ट २०२४

आम्रपाली,

परवा वॉर्डाबाहेर लिफ्टजवळ तू मला विचारलंस. आईचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेत, तिला ग्लास उचलवत नाही, हे बघून तू बाहेर आलीस आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मला पप्पा म्हणालीस. "पप्पा, खरं सांगा. काही देत होतात?" मी म्हणालो, "नाही." तू आईलाही विचारलंस. तीही नाही म्हणाली. आई खोटं बोलत नाही हे तुला माहीत, म्हणून तू माझ्यावरही विश्वास ठेवलास आणि रजा संपली तशी नाशिकला गेलीस.

आई खोटं बोलली नाही. तिला माहीत नव्हतं. खोटं मी बोललो.

पुडी एक दिवसही बंद नव्हती. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या केमोच्या सकाळपासून, मारुतरावाकडनं नवी आणून, रोज दोन वेळा, पेजेत मिसळून. कस्तुरा तुझ्या बाजूची. "आमू नको म्हणते ना, मग नको" असं तिनं मला साफ सांगितलं होतं. म्हणून तिला न सांगता. ती पुडी भयंकर कडू आहे. पहिल्या दिवशी वाटलं, तिला कळणारच. पहिला चमचा घेतला आणि म्हणाली, "अहो, पेज कडू लागतेय." मी म्हणालो, "केमोनं लागतं तसं." तिला ते पटलं. मग रोजच पटायला लागलं. तोंड वाकडं करून, माझ्याकडे बघत, वाटी संपवायची. मी स्वयंपाक शिकतोय म्हणून माझं मन मोडायला नको, ह्यासाठी संपवायची. हे मला दिसत होतं आणि मी बरं झालं म्हणत होतो.

आम्रपाली, मला ती हवी होती. एवढंच. उलट्या कमी झाल्या, ती हसली, गाठ नरम पडली, ते सगळं मी पुडीच्या नावावर टाकलं. केमोला श्रेय दिलं नाही, त्या बिचाऱ्या पोरीनं शिकवलेल्या श्वासाला दिलं नाही. आकडे वाढले तेव्हा वाटलं, आता सोडली तर गाठ उसळेल. म्हणून रोजच्या दोन चमच्यांचे तीन केले. लिव्हर खराब होत असताना मी तीन केले.

तू गेल्यावर काय झालं ते सांगतो. शनिवारी मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, "काका, दुसरं कारण सापडत नाही. म्हणजे केमोचं हेच औषध त्यांच्या लिव्हरला सोसत नाही, असं समजावं लागेल. ते कायमचं बंद करू. दुसरं आहे, पण त्याचा गुण एवढा नाही." मी मान डोलावली आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. अगं, ह्याच कामात माझा जन्म गेला. मोजायचं साधन बिघडलेलं असलं की चांगला माल भंगारात जातो. इथं मोजणारे बरोबर होते, माल बरोबर होता, बिघडलेला मी होतो. मी गप्प बसलो असतो तर तिला सगळ्यात जास्त लागू पडणारं औषध माझ्या गप्प बसण्यानं गेलं असतं.

तरी थेट मॅडमकडे गेलो नाही, एवढा मी भित्रा. आधी चाकणची बस धरली. मारुतराव कांदा मार्केटच्या मागं राहतो. त्याला विचारलं, भावानं हे किती दिवस घेतलं? तर म्हणाला, "आवो कोंडीराव, त्याचं आप्रेशन आधीच झालं हुतं की. दवाखान्यात लाइट-बिट, ते मशीनचं शेकणं, समदं घेतलं. मंग ताकद यावी म्हनून आमी दिली." मी म्हणालो, "मला हे सांगितलं का नाहीस?" म्हणाला, "तुमी इचारलंच न्हाई, राव." चेहरा पडला त्याचा. "वैनीस्नी काय झालं काय?" मला त्याच्यावर ओरडायचं होतं. तसाच वळून बसस्टॉपकडे निघालो. क्वालिटीचा माणूस मी! पहिलाच प्रश्न विचारायचा राहिला.

आज सकाळी उरलेली पुडी घेऊन मॅडमपुढे ठेवली. वर्षालीही होती. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, "केव्हापासून?" सांगितलं. "किती?" तेही सांगितलं. मला वाटलं, आता हाकलून देतील, तोंडात मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या फक्त लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिव्हर सावरलं तर तेच औषध पुन्हा देऊन बघता येईल. मधे गाठ वाढलीय. ऑपरेशन होईल की नाही, आज सांगता येत नाही. आणि काका, पेशंटला हे कळलं पाहिजे. तुम्ही सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल." वर्षाली माझ्या सहीचा फॉर्म शोधून फायलीत लावत होती.

आईला अजून सांगितलेलं नाही. मला थोडे दिवस दे.

कोंडीराम

पिंपरी, २४ ऑगस्ट २०२४

आम्रपाली,

तुझं कार्ड आलं. "आठ दिवस. नाहीतर मी सांगेन." मॅडमकडूनही मी तेवढेच मागून घेतले होते. बरोबर आहे तुझं. आठव्या दिवशी सांगितलं, त्याच्या आधी नाही झालं. एकोणीसला तिला घरी आणलं. डोळ्यांचा पिवळेपणा उतरलाय, चालता येतं. बुधवारी दुपारी ती बाल्कनीत उन्हाला बसली होती. मी पेजेची वाटी घेऊन गेलो. पेज साधी होती. वाटी खाली ठेवली आणि सांगितलं. सगळं, जसं तुला लिहिलं तसं.

खाली भंगारवाला ओरडत चालला होता, तो वळणापर्यंत जाईतो ती तिकडंच बघत राहिली. मग विचारलं, "मी कडू लागतंय म्हणायचे, तेव्हा तुम्हाला माहीत असायचं?"

मी हो म्हणालो.

"रोज?"

"रोज."

मग जे म्हणाली ते तुला सांगितलं पाहिजे. "मला सांगून दिली असतीत तर मी घेतली असती हो. आमूला लपवून, तुमच्यासाठी घेतली असती. आणि त्या पोरीनं फॉर्म काढला तेव्हा मग मीच सांगून टाकलं असतं." एवढं बोलून तिनं वाटी पायानं हळूच पलीकडे सरकवली. मी पायाला तेल लावायला बसलो तर पाय आखडून घेतले.

तेव्हापासून ती माझ्या हातचं खात नाही. मी पाणी दिलं तर तसंच ठेवते आणि भिंतीला धरून उठते, माठातनं स्वतः घेते. वरणभात सावित्रीबाई आणतात, त्यातले चार घास जातात. आज तीन दिवस झाले. काल तपासायला नेलं तर वजन दीड किलो उतरलेलं. मॅडमनी सांगितलंय, आकडे खाली येतायत, नऊ सप्टेंबरला तेच औषध कमी मात्रेत देऊन बघू. पण अंगात ताकद पाहिजे, आहे त्याहून वजन उतरलं तर देता येणार नाही. गाठ थांबलेली नाही. म्हणजे तिला आता जेवायला हवं, आणि मी ह्या घरात आहे तोवर ती जेवत नाही.

म्हणून लिहितोय. उंबरा चढू नकोस म्हणालो होतो तो मीच. माझी चूक झाली, आम्रपाली. हे मी जूनमध्ये लिहायला हवं होतं. तू घरात असतीस तर दुसऱ्याच दिवशी पेज चाखून बघितली असतीस. हे मला माहीत होतं, म्हणूनच तुला परत ये म्हणालो नाही. तू रागावलीस म्हणून दूर होतीस असं नाही. मला सोयीचं होतं.

मी उद्या सकाळी निगडीला जातोय. पूर्वीच्या शिफ्टचा एक सोबती आहे, त्याच्याकडे खोली रिकामी आहे. किल्ली सावित्रीबाईंकडे ठेवतो. तुला पत्र मिळेतो दोन दिवस त्या बघतील, त्यांनीच तसं सांगितलं. नऊ तारखेला दवाखान्यात मी खालीच थांबेन, वर येणार नाही. केमोच्या दिवशी पांढरी फाइल न्यायची, ती कपाटात वरच्या कप्प्यात आहे. वर्षालीला भेट, तेल कसं लावायचं ते ती दाखवेल. आईला ते लागतं, मागणार मात्र नाही.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेव. ताट वाढलंस की पहिला घास तू तिच्यासमोर खा. तुझ्यावर संशय म्हणून नाही. सावित्रीबाईंनाही तसंच करावं लागतं. त्या आधी खातात, ही बघत बसते, मग हिचा हात ताटाकडे जातो.

कोंडीराम